मायनर विषय म्हणून मौखिक संप्रेषण : कौशल्य की चिकित्सा?

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे पदवी स्तरावर मुख्य विषयाच्या जोडीला मायनर विषयाला नव्याने महत्त्व प्राप्त झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी किमान २४ श्रेयांक मायनर विषयासाठी आणि ८ श्रेयांक क्षमता-संवर्धन अभ्यासक्रमांसाठी आहेत. भाषिक संप्रेषणाचे कौशल्य या ८ श्रेयांकांत अभिप्रेत आहेच. मग मौखिक संप्रेषण हा मायनर विषय म्हणून शिकविताना विद्यार्थ्याला त्याहून वेगळे काय द्यावयाचे, हा प्रश्न निर्माण होतो. मुलाखत, गटचर्चा, सूत्रसंचालन आणि देहबोली यांचीच पुनरावृत्ती होणार असेल, तर तो विषय न राहता तीन वर्षे लांबलेली कार्यशाळा ठरेल. ज्या अमेरिकेत ही ज्ञानशाखा आकारास आली, तेथील तिचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

ज्ञानशाखेची जडणघडण

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन महाविद्यालयांत वक्तृत्वाचे अध्यापन बहुतांशी इंग्रजी विभागाचे उपांग होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये शिकागो येथे १७ अध्यापकांनी इंग्रजी अध्यापकांच्या परिषदेपासून अलग होऊन स्वतंत्र संघटना स्थापन केली आणि १९१५ मध्ये तिचे त्रैमासिकही सुरू झाले. तथापि, स्वतंत्र विभाग मिळाल्याने स्वतंत्र विषय सिद्ध होत नाही. उच्चार, आवाज व हावभाव यांपलीकडे या विषयाचे ज्ञान कोणते, हा आक्षेप उरतोच.

त्याचे एक महत्त्वाचे उत्तर कॉर्नेल विद्यापीठातील हर्बर्ट विचेल्न्स यांनी १९२५ मधील आपल्या निबंधात दिले. साहित्यकृतीचा विचार तिच्या सौंदर्याच्या व चिरंतनत्वाच्या अंगाने होतो. भाषणाचा विचार मात्र ते विशिष्ट श्रोत्यांवर कोणता परिणाम साधते या अंगाने व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. वक्त्याचे व्यक्तिमत्त्व, श्रोतृसमुदाय, विचार, मांडणी, शैली आणि सादरीकरण ही भाषणाच्या चिकित्सेची अंगे या भूमिकेतून स्पष्ट झाली. सादरीकरण हे त्यांपैकी केवळ एक अंग होय, ही बाब येथे लक्षणीय आहे. पुढे १९६५ मध्ये एडविन ब्लॅक यांनी या पद्धतीची मर्यादा दाखविली. तात्कालिक परिणामावर भर दिल्यास भाषणाचे दूरगामी कार्य समीक्षकाच्या नजरेतून निसटते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. अशा वादांतूनच या विषयाला ज्ञानशाखेचे स्वरूप प्राप्त झाले.

मराठी भाषणाचा पडताळा

या दोन भूमिकांची कसोटी मराठीतील एका भाषणावर घेता येते. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवला येथे धर्मांतराची घोषणा केल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९३६ मध्ये मुंबईच्या परिषदेत केलेले भाषण 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध आहे. धर्मांतरासाठी आवश्यक असलेल्या पूर्वतयारीचे महत्त्व ते प्रवासाला निघणाऱ्या नावाड्याच्या दृष्टान्ताने पटवून देतात. त्यानंतर प्रश्नाची ऐहिक आणि आध्यात्मिक अशी दोन अंगांनी छाननी करतात आणि शेवटी बुद्धवचनाच्या आधारे निर्णयाचा भार श्रोत्यांच्याच विवेकावर सोपवितात. केवळ तात्कालिक परिणाम पाहिल्यास हे भाषण अपुरे वाटेल. कारण प्रत्यक्ष धर्मांतर नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे वीस वर्षांनी झाले. परंतु श्रोत्यांना अनुयायी न मानता निर्णयक्षम माणसे मानणे, हेच या भाषणाचे खरे कार्य आहे. ब्लॅक यांचा आक्षेप येथे सार्थ ठरतो. त्याच वेळी समोरचा श्रोता कोण, हा विचेल्न्स यांचा प्रश्न टाळून हे कार्य उलगडत नाही, हेही स्पष्ट होते.

अध्यापन व मूल्यमापन

या विवेचनातून मायनर विषयाच्या रचनेसंबंधी काही गोष्टी निष्पन्न होतात. प्रत्येक सत्रात किमान एका पूर्ण भाषणाची संहिता, तिचा प्रसंग आणि तिचा श्रोतृवर्ग यांचा बारकाईने अभ्यास व्हावयास हवा. श्रवण हा अध्ययनाचा स्वतंत्र घटक असावा. ऐकलेल्या प्रतिपादनाचा प्रामाणिक सारांश सांगता येणे ही त्याचे खंडन करण्याची पूर्वअट होय. कीर्तनातील पूर्वरंग व उत्तररंग यांची रचना किंवा १८७५ पासूनची पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा यांकडे केवळ वारसा म्हणून न पाहता अभ्याससामग्री म्हणून पाहावे लागेल.

खरा प्रश्न मूल्यमापनाचा आहे. उच्चारशुद्धी, आत्मविश्वास व देहबोली यांवरच गुण दिले गेल्यास वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी वळणाने बोलणारा विद्यार्थी पहिल्याच वाक्याला मागे पडतो, मग त्याचा युक्तिवाद कितीही भक्कम असो. ज्याला घरातूनच प्रमाणभाषा मिळाली आहे, त्याला ती मिळाल्याबद्दल गुण देणे म्हणजे अध्यापन नव्हे. पुरावा, मांडणी, श्रोत्यांची जाण आणि प्रतिप्रश्नाला दिलेले उत्तर हे निकष अग्रक्रमाने आल्यास हा अन्याय कमी होऊ शकतो.

रोजगारासाठी बोलता येणे आवश्यक आहे आणि विद्यार्थ्यांची ती अपेक्षा रास्तच आहे, असे यावर म्हटले जाईल. ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी क्षमता-संवर्धनाचे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. शिवाय दुसऱ्याच्या भाषणाची चिकित्सा करणाऱ्याचे स्वतःचे बोलणेही सुधारते.

समारोप

मौखिक संप्रेषण हा मायनर विषय वक्ते घडविण्याच्या आश्वासनावर उभा राहिला, तर तो कौशल्यवर्गाची पुनरावृत्ती ठरेल. प्रचारसभा, दूरचित्रवाणीवरील चर्चा आणि समाजमाध्यमांवरील ध्वनिचित्रफिती यांतून अहोरात्र बोलणे कानी पडत असताना त्यातील युक्तिवाद कोणता व भुरळ कोणती, हे ओळखणारा श्रोता घडविणे हे या विषयाचे प्रमुख उद्दिष्ट असावयास हवे. तसे झाले तरच २४ श्रेयांकांची मागणी करण्याचा अधिकार या विषयाला प्राप्त होईल.