पूर्वधक्के आणि मोठ्या भूकंपाची पूर्वसूचना : एक चिकित्सा

प्रस्तावना : मोठ्या भूकंपापूर्वी लहान धक्क्यांच्या रूपाने पूर्वसूचना मिळते, हा समज जनमानसात रूढ आहे. ‘पूर्वधक्का’ ही संज्ञाही याच समजाला बळ देते. या संज्ञेचे सूचक मूल्य तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचन : या समजाचा प्रमुख आधार चीनमधील हायचेंगचा आहे. तेथे ४ फेब्रुवारी १९७५ च्या ७.३ महत्तेच्या भूकंपापूर्वी धक्के वाढत गेले, अनेकांना घराबाहेर काढले गेले आणि जीवितहानी मर्यादित राहिली. परंतु २८ जुलै १९७६ रोजी तांगशान येथे अशी ठळक चाहूल लागली नाही. अधिकृत आकडेवारीनुसार तेथे सुमारे २ लाख ४२ हजार लोक मृत्युमुखी पडले.

मूळ अडचण तार्किक आहे. एखादा धक्का ‘पूर्वधक्का’ होता, हे मुख्य धक्क्यानंतरच ठरते. जपानमध्ये ९ मार्च २०११ रोजी झालेला ७.३ महत्तेचा भूकंप पूर्वधक्का होता, हे ११ मार्चच्या ९.० महत्तेच्या भूकंपानंतरच उघड झाले. महाराष्ट्रातील अनुभवही हेच सांगतो. किल्लारी परिसरात १९९२ मध्ये धक्के जाणवले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारोंचा बळी गेला. याउलट कोयना परिसरात १९६७ च्या भूकंपानंतर दशकानुदशके लहान धक्के बसत आले, तरी त्या महत्तेचा भूकंप पुन्हा झालेला नाही. लहान व मोठ्या धक्क्यांचे परस्परप्रमाण दर्शविणाऱ्या ‘बी-मूल्या’च्या अभ्यासातूनही संभाव्यता वाढल्याचा अंदाज बांधता येतो, दिवस व वेळ सांगता येत नाही.

तथापि, ‘भाकीत अशक्य आहे’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही. इटलीतील लाक्विला येथे काही महिने धक्के बसत असताना ३१ मार्च २००९ रोजी तज्ज्ञांची बैठक झाली आणि नागरिकांपर्यंत दिलासा पोहोचला. ६ एप्रिलच्या भूकंपात तीनशेहून अधिक लोक दगावले. २०१२ मध्ये सात जणांना शिक्षा झाली. २०१४ मध्ये त्यांपैकी सहा शास्त्रज्ञ निर्दोष ठरले. न्यायालयीन निकाल काहीही असो, अनिश्चितता प्रामाणिकपणे कशी सांगावी, हा प्रश्न शिल्लक राहतो.

निष्कर्ष : लहान धक्के हे भाकीत नसून सावधतेचे निमित्त आहेत. किल्लारीत दगडमातीच्या जड भिंतींखाली माणसे गाडली गेली. धक्के जाणवू लागताच तारखेचा शोध घेण्याऐवजी घरांची तपासणी व मजबुतीकरण हाती घेणे, हाच त्यांचा विवेकी अर्थ ठरतो.