‘अडथळा’ या शब्दाचा अडथळा

रोधक, वेटोळे आणि धारित्र यांच्या एकसर जोडणीवरचे धडे आणि गाइडे नुकतीच ओळीने वाचली. बहुतेकांची सुरुवात एकच : तिघेही प्रत्यावर्ती प्रवाहाला ‘अडथळा’ करतात. पुढच्याच ओळीत वर्गमुळाचे सूत्र. सूत्र बरोबर आहे, घोटाळा शब्दाचा आहे. रोधक ऊर्जा खातो. तिची उष्णता होते, ती परत येत नाही. वेटोळे ती चुंबकी क्षेत्रात आणि धारित्र विद्युत क्षेत्रात साठवते व पाव आवर्तनानंतर परत करते. उधळ्या माणूस आणि पतपेढी, दोघांनाही ‘पैसे घेणारा’ म्हणावे तसे हे झाले. (‘धारित्रातून प्रवाह आरपार जातो’ हे वाक्यही सर्रास आढळते. पट्ट्यांमधून विद्युतभार पलीकडे जात नाही, हे कोणी सांगायचे?)

या घोटाळ्याची किंमत एका शिक्षक शिबिरात दिसली. ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, १ हेन्रीचे वेटोळे, पंख्याचे २.५ मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर समांतर जोडून १० मायक्रोफॅरड, आणि वेटोळ्याचा स्वतःचा रोध धरून एकूण १०० ओहम. मीटरने वेटोळ्यावर सुमारे १९ व्होल्ट दाखवले, धारित्रावरही तितकेच. ‘मीटर बिघडलाय’, हे पहिले उत्तर. सूत्र मात्र सर्वांना पाठ होते!

मीटर ठीक होता. तिघांतून प्रवाह एकच, पण वेटोळ्यावरचे व्होल्टेज प्रवाह किती वेगाने बदलतो यावर ठरते, तर धारित्रावरचे साठलेल्या भारावर. प्रवाह शून्यातून जाताना सर्वात वेगाने बदलतो, आणि नेमके त्याच क्षणी धारित्र पूर्ण भरलेले असते. म्हणून दोन्ही व्होल्टेज एकाच वेळी कमाल, पण दिशा उलट. त्या त्या क्षणाची बेरीज ६ व्होल्टच्या पुरवठ्याशी बरोबर जुळते. मीटर फक्त ‘किती’ सांगतो, ‘केव्हा’ सांगत नाही.

आपली पुस्तके हे ‘केव्हा’ फेजर आकृतीत कोंडून ठेवतात. त्याऐवजी आलेखाच्या कागदावर तीन वक्र एकाखाली एक काढू द्यावेत, अर्धा तास गेला तरी जाऊ द्यावा. फेजर नंतर.

वरील प्रयोगाला या घटकांची अनुस्पंदन वारंवारता साधारण ५० हर्ट्झ येते, घरच्या विजेइतकीच. म्हणून ट्रान्सफॉर्मर वगळून तो कधीही करू नये. २३० व्होल्टला धारित्रावर ७०० च्या वर व्होल्ट येतील आणि पंख्याचा कपॅसिटर त्यासाठी बनवलेला नसतो.