निमोची हवा कुठे संपते?

(जालना येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आयोजकांनी फोनवर विषय विचारला, मी म्हटलं, ‘पाणबुडी’. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, ‘‘सर, जालन्यात?’’ (हशा) बरोबर आहे त्यांचं. आपल्याकडे समुद्र नाही. कुंडलिका आहे, तीही वर्षातले कितीतरी महिने नावापुरती. पण माझं हे वेड इथलंच आहे. अंबड तालुक्यातल्या आमच्या विहिरीत आम्ही पोरं बुडी मारून तळाची माती आणायचो. वर येऊन मूठ उघडून दाखवली, तरच बुडी खरी. काठावर कुणीतरी मोठ्यानं आकडे मोजायचं. खाली कान दुखायचे, छाती फुटायला यायची, आणि तरी पुन्हा जावंसं वाटायचं.

त्याच वयात पुठ्ठा निघालेलं एक पुस्तक हाती आलं. ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीची गोष्ट. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठी मुलांना घरचाच झाला, हे तुम्हांला माहीत आहेच. माझ्याकडची प्रत मात्र फार काटछाट केलेली होती. मूळ कादंबरी अख्खी वाचली ती चाळिशीनंतर, इंग्रजीतून. तेव्हा कळलं, की लहानपणी आपण एक यंत्र वाचलं होतं, माणूस वाचायचा राहूनच गेला. आज त्या माणसाबद्दल बोलतो.

आधी नावाचा घोळ सोडवू. त्यातले वीस हजार ‘लीग’ म्हणजे खोली नव्हे. पाण्याखालून कापलेलं ते अंतर आहे, सुमारे ऐंशी हजार किलोमीटर. कादंबरी १८६९-७० मध्ये क्रमशः छापून आली. त्याआधी १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात व्हर्ननं ‘प्लाँजर’ या फ्रेंच पाणबुडीची प्रतिकृती पाहिली होती. म्हणजे पाणबुडीची कल्पना त्याची नाही. त्याची कल्पना आहे ती आत बसलेल्या माणसाची. तो स्वतःला निमो म्हणवतो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘कोणीही नाही’.

आता आपल्याकडे निमोचा विषय निघाला, की कुणीतरी छाती फुगवून सांगतं, ‘‘अहो, निमो भारतीय होता!’’ खरं आहे. पण ते कळतं पुढच्या कादंबरीत, ‘गूढ बेटा’च्या शेवटी. तिथे तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर निघतो, टिपू सुलतानाच्या नात्यातला, १८५७ मध्ये लढलेला. आता बघा, कुठे बुंदेलखंड, कुठे श्रीरंगपट्टण! आणि डक्कर हे नाव आपल्याकडे पोराचं कुणी ठेवेल का? शिवाय तारखाही जुळत नाहीत. पहिल्या पुस्तकातली सफर १८६७-६८ ची, आणि दुसऱ्या पुस्तकात १८६८ मध्ये मरायला टेकलेला निमो ती सोळा वर्षांपूर्वीची म्हणतो. यामागे एक कारण आहे. व्हर्नच्या मनातला मूळ निमो पोलिश होता, रशियानं घरदार उद्ध्वस्त केलेला. प्रकाशक हेत्झेलला रशियाला दुखवणं परवडणारं नव्हतं. म्हणून पहिल्या पुस्तकात निमोला देशच उरला नाही. मला विचाराल तर दुसऱ्या पुस्तकातलं हे चरित्र मागाहून लावलेलं ठिगळ आहे.

मग निमो आपला नाहीच का? आहे. पण पुरावा पहिल्या पुस्तकातच आहे, सिलोनच्या प्रकरणात. मोती काढायला बुडी मारणारा एक गरीब माणूस शार्कच्या तावडीत सापडतो. जगाशी नातं तोडलेला निमो सुरा घेऊन मध्ये पडतो, त्याला वाचवतो आणि मोत्यांची पिशवी त्याच्या हातात ठेवतो. नंतर एवढंच सांगतो, की तो माणूस दडपलेल्यांच्या देशातला आहे आणि मीही अखेरच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा. या एका प्रसंगापुढे डक्करची सगळी वंशावळ फिकी पडते.

‘अखेरच्या श्वासापर्यंत’ हे शब्द लक्षात ठेवा. कारण माझ्या मते ही कादंबरी हवेबद्दल आहे.

सुरुवातीला निमो प्रोफेसर आरोनाक्सना नॉटिलस दाखवतो. सत्तर मीटर लांब, आठ मीटर रुंद. अन्न समुद्राचं, कपडे समुद्राचे, वीज समुद्राच्या मिठातून. जमिनीचं काहीच नको. हवा? तो ऐटीत सांगतो, ती मी तयार करू शकेन, पण गरजच काय? वाटेल तेव्हा वर जातो की! पुढे दक्षिण ध्रुवाजवळ नॉटिलस बर्फात अडकते. वर जायला वाट नाही. माणसं पाळीपाळीनं बर्फ फोडतात, पाणी गोठू नये म्हणून उकळतं पाणी सोडतात, आणि आतली हवा संपत येते. शेवटी कॉन्सेय आणि नेड लँड उपकरणात उरलेली थोडीशी हवा स्वतः न घेता प्रोफेसरांना देतात. मंडळी, २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. टँकरपाशी घागर मोजून भरलेल्या माणसाला हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. काटछाटीत नेमकं हेच आखडतं, कारण त्यात ‘घडत’ काही नाही. लोक फक्त श्वास वाटून घेतात.

खऱ्या पाणबुडीचीही हीच गोष्ट. आपली पहिली ‘कलवरी’ १९६७ ची. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेली आजची ‘खांदेरी’ २०१९ मध्ये नौदलात आली. शिवाजी महाराजांच्या जलदुर्गाचं नाव आहे ते. पण बॅटऱ्या भरायला डिझेल इंजिन लावायचं, तर हवा लागते, आणि हवेसाठी पृष्ठभागाजवळ येऊन नळी वर काढावी लागते. नेमकी तेव्हाच ती शत्रूला दिसू शकते. बाहेरच्या हवेशिवाय वीज मिळावी, म्हणून अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेनं इंधनघटांवर काम केलं. दीडशे वर्षं झाली, प्रश्न तोच.

एक तक्रार मात्र राहते. बर्फातून सुटल्यावर निमो काही शिकत नाही. पुढे तो एक युद्धनौका माणसांसकट बुडवतो, आणि मग बायको-मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडतो. काही वाचक याला दोष मानतात. मला ते पुस्तकाचं खरेपण वाटतं. ज्याला वाटतं आपलं कुणावाचून अडत नाही, त्याच्यासाठी काठावर आकडे मोजणारं कुणी उरत नाही.

तेव्हा घरी मुलांना ही गोष्ट जरूर द्या. पण स्वतःसाठी अख्खी मिळवा, आणि सिलोनचं आणि बर्फाचं प्रकरण लागोपाठ वाचा. नंतर प्रश्नोत्तरांत भांडायला मी आहेच.