लपविलेले यंत्र आणि लपविलेले कारण

विनाशकारी ठरू शकेल असे ज्ञान विज्ञानाने जगापासून गुप्त ठेवावे काय, हा प्रश्न वैज्ञानिक कथावाङ्मयात वारंवार उपस्थित झालेला आहे. त्याची सर्वात कसून मांडणी आयझॅक असिमोव्ह यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डेड पास्ट’ या दीर्घकथेत आढळते. तिचे जे तात्पर्य सामान्यतः काढले जाते, ते मात्र आम्हांस मान्य नाही.

कथेतील प्राध्यापक पॉटर्ली हे प्राचीन इतिहासाचे अभ्यासक. कार्थेजचे लोक बालकांना अग्नीत बळी देत, हा आरोप त्यांना खोटा ठरवावयाचा आहे. त्यांची स्वतःची कन्या आगीतच दगावलेली आहे, ही गोष्ट असिमोव्ह फार संयमाने वाचकापुढे आणतात. भूतकाळ दाखविणारे ‘क्रोनोस्कोप’ हे यंत्र शासनाच्या ताब्यात आहे आणि ते वापरण्यास परवानगी मिळत नाही. तेव्हा फॉस्टर हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ पॉटर्लींच्या घरीच तसे यंत्र सिद्ध करतो. अखेरीस शासनाचा अधिकारी अॅरामन खरे कारण उघड करतो. या यंत्राला जेमतेम शतकभरामागचेच दिसते. आणि भूतकाळ तर गेल्या क्षणापासूनच सुरू होत असल्याने कोणीही कोणाच्याही घरात डोकावू शकेल. परंतु तोपर्यंत फॉस्टरच्या मामांनी यंत्राची कृती सर्वत्र पाठवून दिलेली असते.

शासन शहाणे आणि विद्वान उतावळे, असा निष्कर्ष येथे काढला जातो. असिमोव्ह यांनीही अखेरचा शब्द अॅरामनच्याच मुखी घातला आहे. पण शासनाने नेमके लपविले काय? यंत्र लपविले, आणि त्यासोबत यंत्रातला धोकाही लपविला. इतकेच नव्हे, तर प्राचीन काळाची काल्पनिक दृश्ये खरी म्हणून प्रसिद्ध केली. कार्थेज या यंत्रातून दिसतच नाही, एवढे एक वाक्य पॉटर्लींना सांगितले असते, तर ते फॉस्टरकडे गेलेच नसते. फॉस्टरची जिद्द तर मनाईमुळेच पेटली आहे.

याचा पुरावा कथेतच आहे. आपली पत्नी त्या यंत्रासमोर बसून मृत कन्येलाच पाहत राहील, हे ध्यानात येताच पॉटर्ली यंत्राचा नाद सोडतात. त्यांना कोणी धाक घातलेला नाही. कारण समोर दिसले, एवढेच.

मौनाने रहस्य राखले जाते, हा समजही तपासून घ्यावा. १९४२ साली सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ फ्लेरोव्ह यांनी पाहिले, की अणुभंजनावरील लेख परदेशी नियतकालिकांतून अचानक नाहीसे झाले आहेत. त्या पोकळीवरूनच त्यांनी अणुबाँबचे काम चालू असल्याचे ताडले आणि स्टॅलिनला पत्र लिहिले.

पालि वाङ्मयाच्या वाचकास येथे दोन स्थळे आठवतील. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदास सांगतात, की आपल्याजवळ आचरियमुट्ठि, म्हणजे गुरूने शिष्यांपासून दडविलेले काही, नाही. उलट संयुत्त निकायातील सिंसपावनाच्या प्रसंगी ते हातातील मूठभर पाने दाखवून म्हणतात, की जाणलेले पुष्कळ आहे आणि सांगितलेले थोडे. वरवर हा विरोध वाटतो. परंतु न सांगितलेले काही आहे हे तेथे उघड सांगितले आहे, आणि ते का सांगितले नाही याचे कारणही दिले आहे: ते दुःखनिरोधाकडे नेत नाही. अॅरामनच्या खात्याला नेमके हेच जमले नाही. ज्यांच्या पूर्वजांना ज्ञानापासून शतकानुशतके दूर ठेवले गेले आणि त्याचे कारणही खोटेच सांगितले गेले, त्या आमच्या वाचकांना हा भेद निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

कथेचा शेवट मात्र घाईचा आहे. सर्वांनाच सर्व काही दिसू लागल्यावर माणसे एकमेकांशी कशी वागतील, याचा विचार असिमोव्ह करीत नाहीत. अॅरामनचा उद्वेग नोंदवून ते थांबतात. पुढे आर्थर क्लार्क आणि स्टीफन बॅक्स्टर यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द लाइट ऑफ अदर डेज’ या कादंबरीत अशाच एका उघड्या जगाचे चित्र विस्ताराने रेखाटले आहे.