तुकोबांच्या अभंगांतील विलाप आणि श्रद्धा

देहूहून निघणारी तुकोबांची पालखी दौंड तालुक्यात यवत व वरवंड येथे मुक्काम करते. तिच्या गजरामागे दुष्काळातील एक विलाप आहे.

इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला. प्रथम पत्नी अन्नावाचून गेली. अन्य एका अभंगात दिवाळे निघाले हे बरेच झाले, असे ते म्हणतात. त्यावरून दुःखाला केवळ वैराग्याचे साधन ठरविण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकास हे वाचन अपुरे वाटते. आत्मचरित्रपर अभंगात पत्नीच्या मृत्यूला ‘बरे’ म्हटलेले नाही. तेथे लज्जा आहे, दुःख आहे आणि त्यानंतर भंगलेले देऊळ दुरुस्त करावे, ही इच्छा आहे. मृत्यूचे समर्थन न करता आशा येथे कृतीच्या रूपाने प्रकटते.

करुणापर अभंगांतही ते विठ्ठलाशी भांडतात. तक्रार ऐकणारा कोणी आहे, या विश्वासाशिवाय असे भांडण संभवत नाही. म्हणून विलाप हा श्रद्धेचा अभाव नसून तिचेच एक रूप होय. शोकग्रस्तास घाईने उपदेश करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.