वासोख्त, विप्रलंभ आणि ओसरलेली प्रीती

प्रेमगीताचा विचार करताना मराठी अभ्यासकाची दृष्टी मीलन आणि विरह यांपलीकडे सहसा जात नाही. याचे मूळ काव्यशास्त्रात आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार सांगितले. चारही प्रकारांत रती हा स्थायिभाव टिकून असल्याचे गृहीत आहे. रतीच ओसरली तर त्या गीताची गणना कोठे करावी, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

उर्दूतील 'वासोख्त' हे त्याचे उत्तर असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. फारसी कवी वहशी बाफ्की याच्या नावाशी जोडला जाणारा आणि उर्दूत मीर, अमानत यांनी हाताळलेला हा प्रकार प्रियकराला पाठ फिरविण्याची मुभा देतो. त्याला मराठीत 'विरहगीत' म्हणणे सरळच चूक होय. परंतु त्यास प्रेमान्ताचे काव्य मानणेही घाईचे ठरेल. कारण दुसऱ्या प्रेयसीकडे वळण्याची धमकी हा त्याचा कणा आहे, आणि धमकीमागे मन वळविण्याची आशा असते.

म्हणूनच साहिर लुधियानवी यांची 'खूबसूरत मोड' ही नज्म मला अधिक धीट वाटते. तीत धमकी नाही. प्रेम संपले, असेही ती म्हणत नाही. परस्परांकडून असलेल्या अपेक्षा संपवू या, एवढेच सुचविते, तेही दोघांच्या वतीने. 'गुमराह' (१९६३) चित्रपटात महेंद्र कपूर यांनी ती गायिली. तेथे नायिका विवाहित आहे. साहजिकच प्रसंगाने नज्मेचा रोख त्यागाकडे, म्हणजे पुन्हा विप्रलंभाकडे वळविला. अभ्यासकाने ती आधी छापील पानावर वाचावी, गाणे मागाहून ऐकावे.