पाना, पोथी आणि मागे बसलेला मुलगा

दसऱ्याला आमच्या घरी दोन वस्तूंची पूजा होते. एक माझे लिहिण्याचे पेन आणि दुसरी अंगणातली जुनी मोटारसायकल. पेनाला एक फूल पुरते, मोटारसायकलला झेंडूची माळ लागते. घरातल्या मंडळींचे मत असे की वर्षभर दोन्ही सारखीच चालतात. म्हणजे मागून ढकलल्याखेरीज नाही. मोटारसायकल कोणत्या कंपनीची ते मी सांगत नाही. तिच्यातले पुष्कळसे दोष माझ्याच हातून तिच्यात आलेले आहेत, आणि ते उगाच बनवणाऱ्याच्या नावावर खपायचे. ती टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये तेल मिसळून पिते आणि मी तिला कधीही दुरुस्तीच्या दुकानात नेत नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

गेल्या दसऱ्याला मात्र पाटीवरच्या सरस्वतीपुढे मी तिसरी वस्तू ठेवली. ते एक पुस्तक होते. पाने पिवळी पडलेली, कडांना ग्रीसचे डाग. रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’. पूजेसाठी खाली काढले, सहज चाळायला घेतले आणि दुपारपर्यंत ते हातातून सुटले नाही. त्या वाचनात माझे या पुस्तकाविषयीचे जुने मत पार बदलले. ते का बदलले, हे सांगण्यासाठी हा लेख.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडा परिचय. १९६८ सालच्या उन्हाळ्यात लेखक मिनेसोटाहून मोटारसायकलीवर निघाला आणि पश्चिमेकडे कॅलिफोर्नियाच्या समुद्रापर्यंत गेला. मागे त्याचा अकरा वर्षांचा मुलगा क्रिस. दुसऱ्या मोटारसायकलीवर मित्र जॉन आणि त्याची पत्नी सिल्व्हिया. ही दोघे अर्ध्या वाटेवरून, माँटाना संस्थानातून, परत फिरतात. पुढे फक्त बाप आणि लेक. या प्रवासाच्या जोडीने एक दुसरी कथा चालते: लेखकाला पूर्वी वेड लागले होते, विजेचे झटके देऊन त्याचे मन पुसून काढले गेले, आणि त्या पूर्वीच्या स्वतःला ‘फीड्रस’ असे नाव देऊन तो त्याचा माग काढीत आहे. १२१ प्रकाशकांनी नाकारलेले हे पुस्तक १९७४ साली निघाले आणि लाखो प्रतींनी खपले. ज्या होंडा सुपर हॉक गाडीवर तो प्रवास झाला ती आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिलाही तिथे माळ घालीत असतील की नाही कोण जाणे!

पुस्तकाची घडण आपल्याकडच्या वाचकाला परकी वाटू नये. आपल्या कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. पर्सिगने हे दोन्ही रंग एकमेकांत विणले आहेत. दहा पाने रस्ता, पाऊस, चहाकॉफी. मग दहा पाने तत्त्वज्ञान. मग पुन्हा रस्ता. बुवा चांगले असले तरी निरूपण कधी कधी लांबते, श्रोता पेंगतो, तसे इथेही होते. ग्रीक तत्त्ववेत्त्यांची चर्चा सुरू झाली की मला दरवेळी गाडीत पेट्रोल किती उरले असेल याची काळजी लागते.

परंतु हाच लेखक निरूपणाच्या आसनावरून उतरून हातात पाना घेतो तेव्हा त्याची वाणी बदलते. मोटारसायकलच्या दुरुस्तीविषयी इतके प्रामाणिक लिखाण मी दुसरे वाचलेले नाही. गाडीबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका आठवून पाहा. तिच्यात एक वाक्य असते, ‘बाजूचे कव्हर काढावे.’ तीन शब्द! पण त्या तीन शब्दांत एक अख्खा रविवार बुडतो. कव्हरचा एक स्क्रू गंजलेला असतो, जोर लावला की त्याची खाच झिजते, मग तो ना सुटतो ना आवळतो. पुस्तिकेला हा स्क्रू ठाऊकच नसतो. पर्सिग स्वतः पोटासाठी यंत्रांच्या पुस्तिका लिहिणारा माणूस. त्यामुळे पुस्तिका कुठे गप्प बसते हे त्याला बरोबर ठाऊक आहे, आणि तो नेमका तिथे बोलतो. तो म्हणतो, स्क्रू निघेपर्यंत गाडी निरुपयोगी, म्हणून त्या क्षणी त्या स्क्रूची किंमत अख्ख्या गाडीएवढी आहे. अडून बसणे हा दुरुस्तीतला अपघात नव्हे, तीच खरी सुरुवात. कारण तिथेच माणूस पाठ केलेले सोडून समोरच्या वस्तूकडे पाहू लागतो.

दुरुस्ती करणाऱ्याची उमेद कशाकशाने खचते याची त्याने केलेली यादी तर प्रत्येक घरात भिंतीवर लावावी अशी आहे. सगळे जोडून झाल्यावर जमिनीवर एक भाग शिल्लक दिसणे. दुकानात नेली की बिघाड गायब आणि घरी आणली की हजर. उपाय साधे: वहीत टिपून ठेवा, सुटे भाग वर्तमानपत्रावर काढलेल्या क्रमाने मांडा. हट्टासाठी तो दृष्टांत देतो तो आपल्या आजीच्या गोष्टीतला, भांड्यात हात घालून मूठ न सोडणाऱ्या माकडाचा. तो त्याला दक्षिण भारतातला सापळा म्हणतो.

आणि स्वतःची फजितीही तो लपवीत नाही. एकदा भर पावसात गाडी बंद पडली, त्याने टाकी हलवून पेट्रोलचा आवाज ऐकला, इंजिनच बिघडले असे ठरवले आणि सहल सोडून मुलासह घरी परतला. पुढे कळले की आवाज राखीव पेट्रोलचा होता. एक खटका फिरवायचा राहिला होता.

असली फजिती माझ्याही खात्यावर आहे. कार्ब्युरेटरचे जेट तुंबले तेव्हा मी स्वयंपाकघरातली स्टोव्हची पिन आणून त्यात घातली. जेट पितळेचे, पिन पोलादाची. भोक रुंदावले. पेट्रोल जास्त जाऊ लागले, प्लग काजळीने काळा पडू लागला, सायलेन्सरमधून धूर. नंतर समजले की जेट फुंकून किंवा हवेच्या पंपाने साफ करायचे असते, टोचून नव्हे. पर्सिगच्या गाडीचा प्लगही पुस्तकात काळा पडतो, पण तिथे कारण डोंगरावरची विरळ हवा असते. त्याच्या प्लगवरची काजळी पर्वताची, माझ्या प्लगवरची माझी.

ही पिन मला पुस्तकाच्या एका खऱ्या उणिवेकडे घेऊन जाते. पर्सिग माणसांचे दोन वर्ग पाडतो: वस्तूचे रूप पाहणारे आणि वस्तूची आतली रचना पाहणारे. जॉन पहिल्या वर्गातला. त्याच्या महागड्या बीएमडब्ल्यूची हँडल सैल झाली तेव्हा लेखकाने बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घालून ती घट्ट करून देण्याची तयारी दाखवली. जॉन दुखावला. एवढ्या थोर गाडीला डब्याचा पत्रा! या प्रसंगावर लेखकाने मोठा सिद्धांत उभारला आहे. आमच्या नाक्यावरच्या मेकॅनिकला हा प्रसंग सांगितला तर तो फक्त विचारील, ‘पत्रा जाड होता का पातळ?’

आणि माझी आजी? ती कोणत्या वर्गातली? रॉकेलच्या स्टोव्हचा बर्नर ती स्वतः साफ करी, पंपाचे चामडी वॉशर तेलात भिजवून मऊ करी, आणि ज्योत निळी झाली की ‘कशी फुलासारखी उमलली’ असे म्हणून क्षणभर पाहत राही. रूप आणि रचना तिच्या एकाच हातात होती. हे दोन वर्ग माणसाच्या स्वभावात नाहीत. जुने टाकून नवे घेणे ज्यांना परवडते त्यांच्या घरात ते पडतात, असे मला वाटते. ज्या घरात वस्तू टिकवावीच लागते तिथे हा वाद उद्भवत नाही. पर्सिग काही काळ बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात शिकायला होता. जग मिथ्या आहे असे प्राध्यापकांनी सांगताच फीड्रस विचारतो, मग हिरोशिमाचा बॉम्बही मिथ्या काय? होकार मिळताच तो वर्ग सोडून जातो. प्रश्न रास्त होता. पण तो विश्वविद्यालयाच्या वर्गातून बाहेर पडून एखाद्या घराच्या चुलीपाशी आला असता तर त्याची पुष्कळ पाने वाचली असती असे राहून राहून वाटते.

तथापि ही उणीव गौण आहे. माझे मत बदलले ते निराळ्याच कारणाने.

वीसेक वर्षांपूर्वी हे पुस्तक मी प्रथम वाचले तेव्हा शेजारी गाडी उघडून ठेवलेली असे. पेन्सिलने ओळी अधोरेखित करण्याची मला सवय. दसऱ्याला मी त्या खुणा पाहिल्या. स्क्रूच्या प्रकरणात पानेच्या पाने रेघांनी भरलेली. उमेदीच्या प्रकरणात समासात उद्गारचिन्हे. आणि शेवटच्या प्रकरणात एकही रेघ नाही.

शेवटच्या प्रकरणात काय आहे? सबंध प्रवासभर मागे बसलेला मुलगा कुरकुरतो, त्याचे पोट दुखते, तो रडतो, रुसतो. बाप त्याच्याविषयी विचार पुष्कळ करतो, त्याच्याशी बोलतो थोडे. इंजिनच्या आवाजातला किंचित बदल ज्याच्या कानाला कळतो त्याला पाठीमागचे रडणे कळत नाही. शेवटी समुद्राकाठी, धुक्यात, मुलगा विचारतो: बाबा, तुम्ही खरोखर वेडे होता का? बाप म्हणतो, नाही. मुलाला तेवढेच हवे होते. पुढे हेल्मेट काढून दोघे निघतात, मुलगा पायठेवणीवर उभा राहतो आणि त्याला प्रथमच बापाच्या खांद्यावरून पुढचा रस्ता दिसतो. तोपर्यंत हजारो मैल त्याच्यासमोर काय होते? बापाची पाठ.

या एका प्रसंगाने मागचे सारे निरूपण उलटे वाचावे लागते. काळजीपूर्वक लक्ष देणे म्हणजेच गुणवत्ता, असे चारशे पाने सांगणारा माणूस ज्याच्याकडे लक्ष द्यायचे त्यालाच पाठीशी घेऊन बसला होता. लोक हे पुस्तक दुरुस्तीचे स्तोत्र म्हणून वाचतात, मीही तसेच वाचले. खरे तर तो दुरुस्ती करणाऱ्याचा कबुलीजबाब आहे, आणि म्हणूनच ते मोठे पुस्तक आहे. १९७९ साली क्रिसचा सॅन फ्रान्सिस्कोत खून झाला. लेखकाने पुढच्या आवृत्तीला त्याविषयी शेवटी टिपण जोडले. पर्सिगही २०१७ साली गेला. ते टिपण वाचल्यानंतर पायठेवणीवर उभ्या राहिलेल्या मुलाचे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

माझ्या प्रतीत स्क्रूच्या पानावर खालच्या कोपऱ्यात एक काळा ठसा आहे. अंगठ्याचा, पण लहान. माझे हात ग्रीसने भरलेले असत तेव्हा पान उघडे धरून ठेवण्याचे काम माझ्या मुलाकडे होते. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात बॅटरी. त्या रविवारांतले माझे एकच वाक्य मला आठवते, ‘नीट धर!’ त्याने काही विचारले असेल तर मला आठवत नाही. काही महिन्यांनी तो येईनासा झाला. अभ्यास वाढला असेल, असे मी समजलो. बॅटरी मी बादलीला दोरीने बांधू लागलो आणि ती हलत नाही याचे मला समाधानही वाटले.

मुलगा आता नोकरीनिमित्त परगावी असतो. यंदा गणपतीत आला होता. गाडी सुरू होत नव्हती. पॉइंट झिजले होते. त्यातली फट साधारण अर्ध्या मिलीमीटरहूनही कमी ठेवायची असते, आणि माझ्या डोळ्यांना आता ती दिसत नाही. तो न बोलता खाली बसला, फिलर गेज मागितला. बादलीची दोरी सोडून बॅटरी मी हातात घेतली. काही वेळाने माझा हात कापू लागला. मी वाट पाहत होतो त्या वाक्याची.

‘बाबा, थोडं वर धरा,’ तो म्हणाला. आणि जरा थांबून, ‘हात दुखत असेल तर टेकवा माझ्या खांद्यावर.’

मी टेकवला. तिथून फट स्वच्छ दिसत होती.

पुस्तक जरूर वाचावे. निरूपणाची पाने ओलांडली तरी चालतील. पण वाचताना घरातले कोणी बॅटरी धरून शेजारी उभे असेल, तर आधी त्याला बसायला पाट द्यावा.